चुकांची तालीम

खोली भाड्यानं देताना माणसं काय विचारतात? नोकरी कुठं, लग्न झालं का, मटण शिजवणार का. आमच्या काकांनी मला विचारलं, "किंचाळता येतं का?"

मी लासूर स्टेशनचा. वाळूजच्या एका कंपनीत नुकताच चिकटलो होतो आणि खोली शोधत शोधत गारखेड्याच्या पार टोकाला येऊन पोचलो होतो. तेव्हा तिथं औरंगाबाद संपायचं आणि ज्वारीचं रान लागायचं. रानाला लागून शेवटचं घर काकांचं. मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतंय. मोठ्यानं म्हणालो, "खोली बघायला आलोय, काका."

"ते कळलं. किंचाळून दाखवा. समजा, समोर हडळ उभी आहे."

गरजवंताला अक्कल नसते. किंचाळलो. आतून हाताला पीठ लागलेल्या एक बाई बाहेर आल्या, मला खालीवर बघितलं आणि काकांना म्हणाल्या, "अहो, आवाज बरा आहे, पण तोंड फार उघडतो. पडजीभ दिसते." एवढं बोलून परत आत. त्या काकू. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंजूर. भाडं एक तारखेला, पाणी जपून, आणि शूटिंगला नाही म्हणायचं नाही."

काका एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. पुतण्यानं दुबईहून हँडीकॅम आणून दिला तो नातवंडांचे वाढदिवस काढायला, पण ह्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला. अंगात सफारी, गळ्यात पी.टी.च्या मास्तराची शिट्टी आणि कचेरीची भाषा, असा सगळा कारभार. सीन सुरू करताना ओरडायचे, "रुजू व्हा!" संपला की, "बरखास्त!" परत करायचा असला तर, "फेरतपासणी!" आणि समोर येईल तो माणूस कलाकार. भाडेकरू कलाकार, दूधवाला कलाकार. गॅसवाल्यालासुद्धा म्हणायचे, "कलाकार, सिलिंडर जरा हळू टेकवा."

सिनेमाचं नाव 'हडळ आली नळाला'. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर आलं. जायकवाडीत किती पाणी उरलं हे लहान पोरांना पाढ्यासारखं पाठ असायचं, आणि टँकरचा हॉर्न वाजला की अंगावर साबण असलेली माणसंसुद्धा बादली घेऊन पळायची. काकांची हडळ ह्या उन्हाळ्यातलीच. ती रक्ताला शिवत नाही, पाणी पिते. रात्री कॉलनीत येते आणि एकेकाचा ड्रम रिकामा करून जाते. मग कॉलनीतला एक गृहस्थ तिच्या पाया पडून म्हणतो, "जीव घे बाई, पण ड्रमला हात लावू नको!" हा डायलॉग पुढं शहरातल्या निम्म्या रिक्षांच्या मागं लिहिलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

हडळ म्हणजे काकू. दुसरी कुठली बाई तयार होईना. काकूंचं माहेर दौलताबाद, तिथं कुणाला कळता कामा नये म्हणून त्यांनी अट घातली की तोंड ओळखू येणार नाही एवढं पीठ फासायचं. सुरुवातीला नवऱ्याच्या हट्टापायी केलं त्यांनी, पण नंतर बाई त्यात अशा शिरल्या की बघत राहावं. भाकरी थापता थापता मधेच थांबायच्या आणि रिकाम्या हंड्याकडं अशा नजरेनं बघायच्या की मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची भीती वाटायची. एकदा आरशासमोर चालून बघत होत्या. मला बघून लाजल्या, म्हणाल्या, "कंबर धरली जरा."

शूटिंग झालं की टेप घेऊन काका शहागंजात जायचे. तिथं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे एक भाई होते. भाईंनी पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "काका, मेरे पास बदाम हैं, गुलाब हैं, कबूतर हैं. भूत का कुछ बी नै है."

"गुलाब टाका," काका म्हणाले.

"अरे, पर ये हडळ है ना? लोगां हसेंगे."

"हसू द्या. घाबरून कुणाचं भलं झालंय?"

म्हणून आमच्या सिनेमात हडळ आली की पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. चांगले शॉट कॉम्प्युटरवर उतरवून झाले की काका टेप कोरी समजून परत वापरायचे. टेपा मोजक्याच होत्या, आणि काटकसर हा त्यांचा खानदानी आजार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती अंगाशी आली.

आता क्लायमॅक्सचं सांगतो, कारण सगळं महाभारत तिथं घडलं. गोष्ट अशी की हडळीची तहान काही केल्या भागत नाही. शेवटी टँकरवरचा क्लीनर, म्हणजे मी, तहानेनं मरायला टेकलेला तिला दिसतो. ती आपल्या हंड्यातलं पाणी माझ्यावर ओतते आणि तिची सुटका होते. ओतायला पाणी पाहिजे. घरात एकच ड्रम भरलेला होता आणि तो लेकीसाठी राखून ठेवलेला. लेक तान्हं बाळ घेऊन दुसऱ्या दिवशी नांदेडहून येणार होती. काका म्हणाले, एकच टेक, एका फटक्यात काम फत्ते. काकूंनी बराच वेळ ड्रमकडं बघितलं, मग स्वतःच्या हातानं हंडे भरले.

मी रानाच्या कडेला मरायला टेकलो. काकूंनी हंडा उचलला आणि विचारलं, "अहो, बटण दाबलं का?"

"दाबलंय गं! तू ओत!"

काकूंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. हंडा रिकामा करताना त्या आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतंय. एकामागून एक सगळे हंडे ओतले. मी खरोखरच रडायला लागलो. काका "बरखास्त!" म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं. त्या कॅमेऱ्याला एकच बटण. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. काकांनी आनंदाच्या भरात ते दोनदा दाबलं होतं.

काकू चेहऱ्यावरचं पीठसुद्धा न पुसता आत गेल्या. त्या दिवसापासून त्या काकांशी बोलायच्या बंद झाल्या.

सिनेमा क्लायमॅक्सशिवाय निघाला. हडळ हंडा घेऊन चालायला लागते आणि धाडकन समाप्त. काकांनी सीडी काढून स्कूटरवरून विकायचा प्रयत्न केला, कुणी फुकट घेईना. पण पुढं मोबाइल दुकानवाल्यांनी तो मेमरी कार्डात भरून द्यायला सुरुवात केली, हॉस्टेलच्या पोरांनी डोक्यावर घेतला, आणि जो तो त्या शेवटाबद्दल वाद घालायला लागला. कुणी म्हणायचं, काय डोकं लावलंय! दुष्काळाला शेवट नसतो, म्हणून सिनेमालाही नाही! शेवट का नाही हे काकांना घरात रोज दिसत होतं.

अबोला म्हणजे भांडी आपटणं वगैरे नाही. काकू सगळं करायच्या. वेळेवर चहा, वेळेवर बी.पी.ची गोळी. फक्त बोलणं माझ्यामार्फत. "कलाकार, तुमच्या डायरेक्टरला सांगा, गॅस बंद करा म्हणावं." डायरेक्टर दोन हातांच्या अंतरावर उभे. मी सांगायचो, "काका, गॅस बंद करा." काका म्हणायचे, "त्यांना सांग, केला." नाइट शिफ्ट करून झोपलो असलो तरी मला उठवून आणायचे. मी घरी नसलो तर काकू भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायच्या. माझं लग्न झालं, बायको आली, तेव्हा मला वाटलं सुटलो. कसलं काय, बायको म्हणाली, "मला नाय जमणार, मी हसते."

लई हाल झाले काकांचे. वरून विनोद चालायचे, पण संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि विचारायचे, "आज काय म्हणाली रे?" स्वतःच्या कानांनी ऐकलेलंच परत माझ्या तोंडून ऐकायचे. एकदा म्हणाले, "ती भांडली असती ना कलाकार, तर बरं झालं असतं. भांडणात तडजोड होते. ह्याच्यात अर्ज कुठं करायचा तेच कळत नाही."

मग त्यांनी आपल्या परीनं अर्ज केले, पाण्याचे. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली. टँकरवाल्याशी दोस्ती करून पहिला पाइप आपल्या दारात लावून घ्यायला लागले. स्वतः एका तांब्यात आंघोळ उरकायचे आणि वाचलेली बादली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचे. काकू ती बादली उचलून तुळशीला घालायच्या आणि कॅलेंडरला म्हणायच्या, "माणसानं आंघोळ नीट करावी, वास येतो."

मधल्या काळात ज्वारीचं रान गेलं. तिथं दहा मजली इमारत उभी राहिली, तिच्या मागं आणखी दोन. पुन्हा दुष्काळ पडला. आधी आमच्या कॉलनीला एक टँकर यायचा, आता त्या इमारतींसाठी टँकरची रांग लागायला लागली.

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून एका पोराचा फोन आला. जुने, विचित्र सिनेमे हुडकून तो त्यांच्या डीव्हीडी काढायचा. त्याला आमची हडळ पाहिजे होती, आणि नुसती नाही, बोनससकट. वगळलेले सीन, शूटिंगमधल्या चुका, आणि कॉमेंट्री.

"कॉमेंट्री क्रिकेटची असते," काका म्हणाले.

"नाही सर. डायरेक्टर आणि हिरॉईन सिनेमा बघत बघत एकमेकांशी बोलतात. आपण ते रेकॉर्ड करतो."

काका ताठ झाले. "एकमेकांशी? एकाच माईकवर?"

"हो सर."

"मंजूर!" फोन ठेवल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाले, "कलाकार, सिनेमाभर मध्ये माईक. दोघांनीच बोलायचं. आता कुठं जाईल ती?" त्यांना डीव्हीडीशी काही देणंघेणं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

पण बोनस द्यायचा कुठून? वगळलेलं सगळं त्याच टेपांवर पुसलं गेलेलं. मी म्हणालो, नाही म्हणून कळवा. काका भडकले. "मागणी आली की पूर्तता करायची. नाही म्हणायचे अधिकार वरच्यांना असतात." आणि आम्ही वगळलेले सीन नव्यानं शूट करायला लागलो.

मूळ सिनेमात मी काडी. वगळलेल्या सीनमध्ये ढेरी आणि टक्कल. मागं ज्वारीऐवजी दहा मजले. काका म्हणाले, "म्हणूनच वगळला म्हणायचं." मी मन लावून एक सीन केला तर वैतागले. "इतकं चांगलं करू नका! लोक विचारतील, हा वगळला का?"

चुकांची तर चक्क तालीम घेतली. मी डायलॉग विसरून जीभ चावायची होती. दिवसभर जीभ चावली. "तुम्ही मुद्दाम चुकताय, कलाकार. मनापासून चुका. फेरतपासणी!" वैतागून जिना उतरताना मी खरोखर पाय घसरून शेवटच्या तीन पायऱ्यांवरून खाली आलो. कॅमेरा चालू होता. मी कंबर धरून म्हणालो, "काका, हे घ्या, खरी चूक." काका म्हणाले, "ही नाही चालणार. ही ठरलेली नव्हती."

कॉमेंट्रीला पुण्याचा पोरगा स्वतः आला. आवाज नको म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. काकांनी इस्त्रीची सफारी घातली, अत्तरसुद्धा लावलं. काकू आल्या, बसल्या, आणि मला म्हणाल्या, "कलाकार, मधे बसा."

काकांचा चेहरा पडला. सिनेमा सुरू झाला. काकू म्हणाल्या, "ह्यांना विचारा, इथं माझ्या तोंडाला पिठाऐवजी चुना कुणी लावला होता."

"त्यांना सांग, पीठ संपलं होतं."

"सांगा, मला पुरळ उठलं होतं."

"सांग, मी मलम आणलं होतं."

पुण्याचा पोरगा खूश. त्याला वाटलं ही आमची स्टाइल आहे. काकांना घाम फुटला होता आणि ते तो पुसतही नव्हते. सिनेमा असाच संपला. हडळ हंडा घेऊन निघाली, समाप्त. सगळं फुकट गेलं.

तेवढ्यात त्या पोरानं सहज विचारलं, "खरंच काही शेवट शूट केला नव्हता का?"

मला कुठं बघावं कळेना. काकू म्हणाल्या, "केला होता. बटण सोडून सगळं केलं होतं."

"त्यांना सांग," काका म्हणाले, "त्या पाण्याबद्दल मी रोज मनात माफी मागतो. लेकीसाठी राखलेलं पाणी."

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू बटण मीच दाबलं होतं. "पाण्याचं काय घेऊन बसलात? पाणी दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दिलं. पाण्यासाठी कुणी एवढं रुसतं होय? मी आयुष्यात पहिल्यांदा एक काम मनासारखं केलं होतं. तसं मला परत येईल की नाही माहीत नाही. ते कुणी बघितलं? ह्या कलाकारानं बघितलं, पण तो तर डोळे मिटून रडत होता. सांगा त्यांना. टाकी बसवतात मला!"

सांगायची गरज नव्हती. काका तोंड उघडं टाकून बसले होते. एवढी वर्षं भलत्याच खिडकीवर अर्ज देत होते बिचारे. मला त्यांची अशी दया आली की विचारू नका.

मग काकू उठल्या. "सांगा, उद्या संध्याकाळी परत करू. आरओचं वाया जाणारं पाणी मी साठवून ठेवलंय. चांगल्या पाण्याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी भाईसुद्धा शहागंजातून आले. काकूंनी पांढरी साडी नेसून केस मोकळे सोडले. केस आता तसेही पांढरे झाले होते. ह्या खेपेला पीठ लावलं नाही. म्हणाल्या, "आता माहेरी ओळखू दे." इमारतीच्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. काकांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो मला दाखवला, पुण्याच्या पोराला दाखवला, भाईंना दाखवला. भाई म्हणाले, "चालू है काका, खुदा कसम चालू है, अब हात पीछे बांधो." काकांनी हात खरंच पाठीमागं बांधले.

"रुजू व्हा!"

मी ढेरी सांभाळत मरायला टेकलो. काकूंनी हंडा उचलला, आणि थांबल्या. मला वाटलं, आता म्हणतील, कलाकार, त्यांना विचारा. मी मान वर करून वाट बघत होतो. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. सरळ काकांकडं बघितलं.

"अहो, बटण दाबलं का?"

काका हलले. पाठीमागचे हात सुटले. "दाब..." एवढंच तोंडातून आलं.

काकूंनी ओतलं. काय सांगू, पहिल्यापेक्षा कांकणभर सरसच. वय झालं होतं, आणि तरी तेच हसू आलं आणि मग तो चेहरा. ह्या वेळी मी डोळे उघडे ठेवून सगळं बघितलं. हंडा रिकामा झाला. मग वरून कुणीतरी ओरडलं, "काकू, एक नंबर!" आणि टाळ्याच टाळ्या. काकू लाजल्या, पदर नीट केला. मग त्यांची नजर कॅमेऱ्याकडं गेली.

लाल दिवा बंद होता. काकांचं बोट बटणावर होतं.

बाल्कनीतल्या एकानं मोबाइलवर घेतलं होतं, पण त्यात माझी पाठ आणि ड्रेनेजचा पाइप सोडून काही नाही. कॅमेऱ्यात आलं ते एवढंच, काकू सरळ बघून विचारतात, काका म्हणतात "दाब...", आणि अंधार. डीव्हीडीत ते तसंच घातलंय, आणि लोक अजून त्याच्यावर वाद घालतात. काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. काकू मूळ सिनेमा कधी लावत नाहीत, थेट बोनसवर जातात आणि त्या अर्ध्या शब्दाला दरवेळी उत्तर देतात, "दाबलं म्हणे! डोंबल!"

पण त्या संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भाईंनी कपाळावर हात मारला. काकूंनी रिकामा हंडा दाणकन खाली ठेवला. मी देवाचं नाव घेतलं, म्हटलं आता ह्या जन्मात काही खरं नाही.

"अहो, डोळे आहेत का बटाटे?" काकू कडाडल्या. "चालू होतं ना? चालू असलेलं बटण दाबायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तू विचारलंस म्हणून..."

"विचारलं म्हणजे दाबायचं? सांगायचं होतं नुसतं! तेव्हाही असंच, आताही असंच! जन्म गेला माझा तुमच्या त्या बटणापायी!"

"अगं, पण तू एकदम 'अहो' म्हणालीस..."

"मग काय म्हणू? डायरेक्टर म्हणू?"

काका ड्रमवर बसले होते, अपराधी चेहऱ्यानं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काकू एकेक जुनं काढत होत्या. पुरळ, चुना, गुलाबाच्या पाकळ्या, टाकी, तांब्यातली आंघोळ, सगळं. मी निथळत मधे उभा होतो. एवढ्या वर्षांची सवय, जाते कुठं? काकू दम घ्यायला थांबल्या तसा मी पुढं झालो आणि म्हणालो, "काका, काकू म्हणतायत की..."

दोघंही एकदमच माझ्यावर ओरडले, "तू मधे बोलू नको रे!"